आधी सोफा मोजा

हडपसरचं एखादं कुटुंब नवा टीव्ही आणि गेमचा कन्सोल आणायला अमनोरा किंवा सीझन्स मॉलकडे निघतं, तेव्हा तयारीत कसलीही कसर नसते. मुलाने रात्रीचा दिवस करून यूट्यूबवरच्या तज्ज्ञांची मतं ऐकलेली असतात. कुठल्या बँकेच्या कार्डावर किती सूट आहे हे बघून वडिलांनी ते कार्ड मेहुण्याकडून मागून आणलेलं असतं. बिनव्याजी हप्ता खरोखर बिनव्याजी असतो का, हे आईने दुकानात दोनदा विचारायचं ठरवलेलं असतं आणि जुन्या टीव्हीचे किती देता, हे आजोबांनी. मगरपट्टा चौकाच्या सिग्नलला ओएलईडी की क्यूएलईडी यावर शेवटची चर्चा होते. सिग्नल तिथला असल्यामुळे ती सविस्तर होते. एवढं करून एक गोष्ट राहिलेली असते. सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर कोणी मोजलेलं नसतं. आश्चर्य अशासाठी, की हे गाव मोजणीचं आहे. बांध वीतभर सरकला म्हणून इथे दोन-दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, तेव्हा कोणाची किती जमीन आणि म्हणून कोणाचे किती शेअर, याचा हिशोब चोख ठेवला. त्याच मातीवर उभ्या असलेल्या इमारतींमध्ये दहा फुटांचा हॉल मात्र कोणी टेप लावून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की टीव्ही कुठल्या जातीचा घ्यावा, किती इंची घ्यावा, त्याला कुठला कन्सोल जोडावा, या प्रश्नांची उत्तरं सोनीकडे नाहीत, मायक्रोसॉफ्टकडे नाहीत आणि यूट्यूबवरच्या त्या तज्ज्ञांकडे तर नाहीतच. ती सोफ्याकडे आहेत.

दुकानात टीव्ही बघण्याची रीतच मुळात फसवी आहे. तिथे आपण उभे असतो आणि टीव्ही तीन फुटांवर असतो. पडद्यावर मधाची धार लागलेली असते, इवलासा पक्षी पंख फडफडवत फुलापुढे अधांतरी थांबलेला असतो, नाही तर कापलेल्या डाळिंबाचे दाणे उसळत असतात. यातलं काहीही आपण घरी गेल्यावर बघणार नसतो. रंग मुद्दाम झगझगीत करून ठेवलेले असतात, कारण शेजारी आणखी वीस टीव्ही लावलेले असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचं असतं. सेल्समन पडद्याला बोट लावून सांगतो, ‘बघा सर, एकेक पीस वेगळं दिसतंय.’ दिसतंच. तीन फुटांवरून आपल्या शेजाऱ्याचाही एकेक केस वेगळा दिसतो, म्हणून आपण त्याला साठ हजार देऊन घरी आणत नाही. प्रश्न असा आहे, की हेच पीस सोफ्यावरून दिसणार आहे का? त्याचं उत्तर दुकानात मिळायचं नाही, कारण दुकानात सोफा नाही. आणि असला, तर तो विकायला ठेवलेला असल्यामुळे त्यावर बसू देत नाहीत.

हे उत्तर चष्म्याच्या दुकानात मिळतं. ज्याचा नंबर ६/६ आहे, असा निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखतो. त्याहून बारीक असेल ते सगळं एकमेकांत मिसळून जातं. आता ५५ इंची टीव्ही घ्या. त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. ४के म्हणजे या रुंदीत ३,८४० ठिपके, म्हणजे एकेक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाहूनही किंचित लहान. गणित केलं तर हा ठिपका साडेतीन फुटांपलीकडून डोळ्याला वेगळा दिसत नाही. जुन्या फुल एचडीचा ठिपका याच्या दुप्पट. तो सात फुटांपलीकडे विरघळतो. आता ससाणेनगर, सातववाडी किंवा भेकराईनगरमधल्या नेहमीच्या हॉलमध्ये या. हॉल दहा बाय पंधरा. एका लांब भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या लांब भिंतीला टेकलेला सोफा. माणूस सोफ्यात रेलून बसला, की त्याचे डोळे मागच्या भिंतीपासून दीडेक फूट पुढे असतात, म्हणजे टीव्हीपासून साडेआठ फुटांवर. या अंतरावरून ५५ इंची पडद्यावरचा ४के आणि फुल एचडी यांतला तपशिलाचा फरक ओळखणारा डोळा दुर्मीळ. पासष्ट इंचीची हद्द बरोबर साडेआठ फुटांच्या आसपास येते, म्हणजे तिथे फरक जेमतेम सुरू होतो. तरुण डोळे ६/६ च्या थोडं पुढचं बघतात हे मान्य. त्यांना एक-दोन फूट वाढवून द्या. पण ज्या घरात टीव्हीचा निर्णय होतो, त्या घरात पैसे देणाऱ्याचे डोळे सहसा चाळीशी ओलांडलेले असतात.

आठ के नावाची जी पुढची पायरी आहे, तिचं तर विचारूच नका. ५५ इंची ८के पडद्याचं चीज व्हायचं, तर नाक पडद्यापासून पावणेदोन फुटांवर हवं. त्या अंतरावर पूर्वी फक्त डॉक्टर बसत. तरीही प्लेस्टेशन ५ च्या सुरुवातीच्या खोक्यांवर ८के असं ठळक छापलेलं होतं. पुढे ते निमूटपणे काढून टाकलं गेलं आणि कुठल्याही सोफ्याला त्याचं दुःख झाल्याचं ऐकिवात नाही. याचा अर्थ ४के घेऊ नका असा नाही. पंचावन्न इंचीत आता दुसरं काही सहज मिळतही नाही. अर्थ एवढाच, की ‘के’साठी म्हणून वेगळा रुपयाही मोजू नका, मोजायचेच असतील तर इंचांसाठी मोजा. साडेआठ फुटांवर बसणाऱ्याला पंचावन्नऐवजी पासष्ट घेतल्याचा फायदा रोज दिसतो. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा वाचलेले पैसे इंचांत घालणाऱ्यांनी नकळत शास्त्रोक्त वर्तन केलं.

यात इतिहासानेही आपली चांगली थट्टा केली आहे. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरात जो ‘टीव्ही गेम’ यायचा, त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत खरे खेळ दहा-बारा; बाकीचे तेच, फक्त मारिओचे कपडे बदललेले. त्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ठिपके कसले, विटाच त्या. दहा फुटांवरूनही त्या मोजता आल्या असत्या. पण दहा फुटांवर बसायची सोयच नव्हती, कारण कंट्रोलरची वायर आखूड होती. त्यामुळे पोरं फरशीवर, टीव्हीपुढे तीन फुटांवर बसायची आणि आतून ‘डोळे जातील!’ असा आवाज यायचा. पुढे एक्सबॉक्स ३६० आला २००५ मध्ये, प्लेस्टेशन ३ आला २००६ मध्ये; कंट्रोलर बिनवायरचे झाले आणि पोरं उठून सोफ्यावर गेली. म्हणजे चित्र ढोबळ होतं, तेव्हा आपण त्याला नाक लावून बसलो होतो आणि चित्र केसाइतकं बारीक झालं त्याच सुमाराला मागच्या भिंतीला जाऊन टेकलो. तंत्रज्ञांनी वीस वर्षं खपून ठिपके लहान केले ते कोणासाठी, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा. बहुधा ते दुकानातल्या उभ्या माणसासाठी केले असावेत.

इथे जाणकार उठून म्हणेल, की तुम्ही ठिपके मोजत बसलात, पण चित्राची खरी शोभा काळ्या रंगात असते. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. उजेड आणि अंधार यांतला फरक, रंगांची खोली या गोष्टी अंतराने विरघळत नाहीत. त्या तीस फुटांवरून, शेजारच्या बाल्कनीतूनही दिसतात. एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढचा पडदा ते झाकायचा प्रयत्न करतो, म्हणून रात्रीचं आकाश करडं दिसतं. क्यूएलईडी म्हणजे त्याच दिव्यांपुढे रंग खुलवणारा एक थर. मिनी एलईडीत दिवे बारीक आणि पुष्कळ, त्यामुळे अंधाऱ्या भागातले तेवढे मंद करता येतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो आणि विझला की खरोखर विझतो. अंधाऱ्या गुहेत तलवार घेऊन हिंडायचे जे खेळ असतात, त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. तेव्हा साडेआठ फुटांवरूनही दिसेल असं काही घ्यायचं तर ओएलईडी घ्यावा, असा निष्कर्ष निघतो. निघाला असता, जर सोफ्यावर फक्त तलवारवाला बसणार असता.

पण सोफा तीन जणांचा असतो. ओएलईडीचा ठिपका स्वतः पेटतो म्हणून तो स्वतः झिजतोही, आणि जो भाग सतत एकाच जागी पेटलेला असतो तिथे त्याची सावली कायमची उमटते. आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या कॅनडातल्या संस्थेने २०१८ मध्ये सहा ओएलईडी टीव्ही रोज वीस तास चालवायला घेतले. त्यांत अमेरिकन बातम्यांची वाहिनी ज्यांच्यावर लावली होती, त्यांच्यावर वाहिनीची पट्टी आणि चिन्ह ठळकपणे उमटलं. आता अमेरिकन बातम्यांची वाहिनी म्हणजे एक निवेदक आणि खाली एक पट्टी. मराठी बातम्यांच्या पडद्यावर खाली दोन पट्ट्या, वर एक, डावीकडे उभी चौकट, कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात चिन्ह, मध्ये लाल अक्षरांत ‘मोठी बातमी’ आणि उरलेल्या जागेत सहा माणसं एकाच वेळी बोलत असतात. ही मांडणी आजोबांच्या सेवेत सकाळी सात ते दुपारी एक अखंड उभी असते. नव्या टीव्हींत चित्र हळूच हलवणं, चिन्ह आपोआप मंद करणं असे उपाय आले आहेत आणि साध्या घरगुती वापरात भीती पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे, हेही खरं. पण हे उपाय ज्यांनी शोधले, त्यांनी निवडणूक निकालाच्या दिवशीचा आपला हॉल पाहिलेला नाही. ज्या घरात आजोबा आहेत त्या घरात मिनी एलईडी घ्यावा, हा नियम दुकानातल्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो. तो सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसलेला असतो. खिडकीचंही तेच. हॉलची बाल्कनी पश्चिमेला असेल तर चार ते सहा सूर्य टीव्ही बघतो, आणि त्या उजेडापुढे ओएलईडीपेक्षा मिनी एलईडी जास्त टिकाव धरतो. पडदे लावा म्हणावं तर आईला हवा हवी असते.

सोफ्यावर तिसरी जागा आईची आणि ती वेळेने राखीव आहे. संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत मालिका. एकीत सुनेवर आळ येतो, दुसरीत तो जातो, तिसरीत दोन्ही होतं. या साडेतीन तासांत कन्सोलची किंमत शून्य असते, मग तो पन्नास हजारांचा असो की पाचशेचा. म्हणजे खेळणाऱ्याच्या वाट्याला साडेदहानंतरची रात्र येते, आणि रात्री आवाज बंद. घुमणारे स्पीकर, छतावरून पाऊस पडल्याचा भास देणारा साऊंडबार, हे सगळं त्या घरात शोभेचं. तिथे कामाला येतं ते कंट्रोलरच्या बुडाशी असलेलं हेडफोनचं साधं भोक. ते प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला आहे, एक्सबॉक्सच्यालाही आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, पण एकत्र कुटुंबात गेमिंग जर कोणी टिकवून धरलं असेल, तर या साडेतीन मिलिमीटरच्या भोकाने.

आता आकड्यांचा शेवटचा गड राहिला, तो हर्ट्झचा. टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो की एकशेवीस वेळा, यावर मुलगा आणि वडील यांच्यात पंधरा हजारांचं अंतर पडतं. साठ हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, एकशेवीसला ८.३. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन वाचवले आठ मिलिसेकंद. तेही तेव्हा, जेव्हा खेळच एकशेवीसने चालतो; बहुतेक मोठे खेळ तीस किंवा साठवरच खूश असतात. शिवाय काही खोक्यांवर ‘मोशन रेट’ म्हणून २४० वगैरे लिहिलेलं असतं आणि आत पडदा साठचाच असतो. याउलट टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी आतल्या आत जे संस्कार करतो, त्यात शंभर मिलिसेकंदही जाऊ शकतात. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो; त्यातला पाचवा भाग टीव्हीने मेकअपमध्ये घालवला, तर क्रिकेटच्या गेममध्ये त्रिफळा ठरलेलाच. आणि हे शंभर मिलिसेकंद परत मिळवायचा उपाय फुकट आहे. सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करायचा. तो चार मेनूंच्या तळाशी पुरलेला असतो, कारण फुकट गोष्ट वर ठेवली तर वरची विकली कशी जाणार? जुन्या काचेच्या टीव्हीला ही अडचणच नव्हती. त्यावर बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक चालायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला डोळा तो तिथल्या तिथे टिपायचा. आजच्या लाखाच्या टीव्हीपुढे ती बंदूक धरली तर एकही बदक पडत नाही. चौकोन उमटेपर्यंत बंदुकीची वाट बघायची वेळ संपलेली असते. आणि ज्यांनी हट्टाने एकशेवीस हर्ट्झचा टीव्ही आणलाच आहे, त्यांनी एकदा मागे वाकून बघावं. काही टीव्हींना चार एचडीएमआय खाचांपैकी दोनच त्या वेगाच्या असतात, आणि त्यांतल्या एकीत केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स खोचून ठेवलेला असतो.

कन्सोलचं त्या मानाने लवकर आटपतं. आषाढ जवळ आला, की ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी हडपसरपर्यंत येते आणि इथून वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. कुठल्या वाटेने चालायचं यावर वारकरी भांडत नाहीत, कारण दोन्ही पंढरपूरलाच पोचतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांचं आता तसंच होत आलं आहे. बहुतेक मोठे खेळ दोन्हींवर येतात. मायक्रोसॉफ्ट तर २०२४ पासून आपले घरचे खेळ सोनीच्या दारात नेऊन ठेवू लागलं. ‘सी ऑफ थीव्ज’ गेला, पाठोपाठ २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ गेला. तेव्हा यंत्राच्या पोटातल्या चिपांवरून वाद घालणाऱ्यांनी सोफ्यावरच्या माणसांकडे बघावं: मुलाच्या मित्रांकडे, मावसभावांकडे, सोसायटीतल्या चार घरांकडे कुठला कन्सोल आहे? तोच घ्यावा. कारण नवा मोठा खेळ २०२४ मध्येच ४,९९९ रुपयांना पडत होता, आणि डिस्क असेल तर तो चार घरांत फिरतो, शेवटी विकलाही जातो. बिनडिस्कचा प्लेस्टेशन स्वस्त असतो खरा, पण त्यातला खेळ ना उसना देता येत, ना विकता. ज्या समाजात टप्परवेअरचा डबा परत मागितला जातो, त्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नसावी.

‘पण सगळ्यात भारी तेच घ्यावं ना,’ असा आणखी एक सूर असतो. सगळ्यात भारी आपल्याला मिळेलच असं नाही, हे याचं उत्तर. प्लेस्टेशन ५ जगात आला नोव्हेंबर २०२० मध्ये, आपल्याकडे उगवला २ फेब्रुवारी २०२१ ला. त्याचा थोरला भाऊ, प्रो, नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर विकायला निघाला तेव्हा भारत वगळला गेला. कारण त्याचं वाय-फाय ज्या सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. निन्टेन्डोची कथा याहून गमतीची. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाचा खेळ केला, प्राचीन भारतात भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. तो ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला, म्हणजे जो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता, त्यावर. पुण्यात शिजलेलं पुणेकराने चाखायचं, तर ते यंत्र सिंगापूरच्या मावशीकडून मागवायचं.

यंत्र निवडलं, तरी ते ठेवायचं कुठे? पहिला प्लेस्टेशन ५ उभा केला तर ३९ सेंटिमीटर उंच. आपल्या घरातल्या टीव्ही युनिटचे कप्पे सुताराने सेट-टॉप बॉक्सच्या मापाने पाडलेले असतात आणि शोकेसच्या मोठ्या कप्प्यात गणपती, मुलीची नृत्याची ढाल आणि महाबळेश्वरहून आणलेली लाकडी बैलगाडी असते. यांपैकी कोण हलणार, यावर घरात मतभेद संभवत नाही. कन्सोल बाहेर राहतो. बाहेर म्हणजे हडपसरच्या धुळीत, जी खिडकी बंद असली तरी आत येते. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. परत आल्यावर कन्सोल पडद्यावर गंभीरपणे बजावतो, की तुम्ही मला नीट बंद केलं नाही. महावितरणशी त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते.

मोबाइल असताना हे सगळं हवंच कशाला, असं विचारणारे आहेत आणि त्यांचा मुद्दा सोफ्यापुढे सगळ्यात बळकट आहे, कारण मोबाइलला सोफाच लागत नाही. त्याला बेसिनजवळची भिंतसुद्धा चालते. फक्त २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, तेव्हा बघता बघता लाखो खेळाडू निवृत्त झाले. डिस्क निदान कपाटात राहते. ‘पुढच्या दहा वर्षांचा विचार करून घ्या’ म्हणणाऱ्यांनाही इतिहास दाखवता येईल. प्लेस्टेशन ४ आला २०१३ मध्ये, ५ आला २०२० मध्ये. सात वर्षांत यंत्र जुनं होतं. सोफा मात्र लग्नातला असतो आणि मुलाच्या लग्नापर्यंत टिकतो. हा हिशोब धरला, तर टिकाऊ गोष्टीच्या मापाने बदलती गोष्ट घ्यावी, उलटं नव्हे.

राहता राहिला तो सगळ्यात हुशार आक्षेप. अंतराचाच एवढा प्रश्न असेल, तर सोफा पुढे ओढा ना! टीव्हीपासून साडेतीन फुटांवर आणा, म्हणजे ४के वसूल. सूचना तर्काला धरून आहे. टीपॉय काढावा लागेल, स्वयंपाकघरात जाणारा माणूस दर वेळी पडद्यापुढून जाईल आणि पाहुणे आले तर त्यांनी चहा मांडीवर घ्यावा. हे सगळं सोसता येईल. पण साडेआठ फुटांचे साडेतीन करायचे म्हणजे सोफा पाच फूट पुढे आला, आणि सोफा आठ फूट लांब धरला तर त्याच्या मागे चाळीस चौरस फूट जागा निकामी झाली. हडपसरचा भाव चौरस फुटाला आठ हजार धरला, तर ही जागा ३,२०,००० रुपयांची. प्लेस्टेशनचा डिस्कवाला सडपातळ अवतार एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे आला तो ५४,९९० रुपयांना. त्या भावाने सोफ्यामागे पाच प्लेस्टेशन आणि वर ४,९९९ वाल्या नऊ डिस्का पडून राहिल्या. तरीही ५९ रुपये शिल्लक राहतात. त्यांत गाडीतळावर दोन वडापाव येतात, आणि ते खायला उभं राहिलं तरी चालतं.